कळसाडीच्या आप्पांचा एक जानेवारी

आमच्या भागात विंडोज टाकत नाहीत, मारतात. "भाऊ, येऊन जरा विंडोज मारून द्या ना," असा फोन आला की मी बॅग उचलतो आणि मोटारसायकलला किक मारतो. शहाद्याला माझं छोटं दुकान आहे, पण माझा खरा रंगमंच म्हणजे लोकांची घरं. गेली बावीस वर्षं तापीकाठच्या केळीच्या गावांपासून गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या खापरपर्यंत मी हा प्रयोग करतो आहे आणि तो अजून एकदाही पडलेला नाही. लांबलाय पुष्कळदा. एकदा तर दोन दिवस लांबला. पण पडला नाही.

प्रयोग म्हणतो ते उगाच नाही. मी कॅबिनेटचं झाकण उघडलं की अख्खं घर खुर्च्या ओढून बसतं. स्क्रू ठेवायला वाटी मागितली तर धुऊन पुसलेली वाटी येते. एका घरात तिच्यात तांदळाचे चार दाणेही होते. मी दाण्यांसकट स्क्रू ठेवले. दसऱ्याच्या पूजेत सीडीच्या फटीतून आत गेलेलं हळदकुंकू मी दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर चार-पाच घरांतून खरवडून काढतो. सारंगखेड्याच्या एका घोडेवाल्याने जुना कॉम्प्युटर विकत घेतला आणि मला बोलावून विचारलं, "याचे दात कुठे बघायचे?" मी झाकण काढून पंख्यावरचा धुळीचा थर दाखवला. त्याने तो नखाने खरवडला, बोटांत चोळला आणि म्हणाला, "सहा वर्षांचा आहे. मला चार सांगितला." मी आतल्या चिठ्ठीवरची तारीख बघितली. सहाच.

मग पडद्यावर टक्के चढायला लागतात. अकरा टक्क्यांना घरातली बाई भाजी निवडायला घेते. चाळिसाला शेजारी येऊन विचारतात, गाडी कुठवर आली. सत्याहत्तरला ती हमखास थांबते आणि सगळे माझ्याकडे बघतात. इथे माझं खरं काम सुरू होतं. मी चष्मा काढतो, पुसतो, पुन्हा घालतो आणि चहा मागवतो. चहा संपेपर्यंत यंत्र आपोआप पुढे सरकतं आणि श्रेय मला मिळतं. ही युक्ती आज पहिल्यांदाच छापून येते आहे. गिऱ्हाइकांनी क्षमा करावी.

आता ही विंडोज, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, नेमकी असते काय? लग्नघरात एक मामा असतो बघा. कोठीची किल्ली त्याच्याकडे, वाजंत्रीवाल्याचा नंबर त्याच्याकडे, कुणाच्या शेजारी कुणाला बसवायचं नाही हेही त्यालाच माहीत. तो मामा रुसून निघून गेला तर घरात डाळ आहे, तांदूळ आहे, आचारी आहे, पण पंगत काही बसत नाही. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे तो मामा. आणि जुनी काढून नवी टाकायची म्हणजे भर लग्नात मामा बदलायचा. नव्याला सगळं नीट समजावून द्यावं लागतं. बहुतेक वेळा तो काहीतरी विसरतो. माझ्या एका मामाने मात्र उलट केलं. सगळे विसरलेल्या गोष्टीची त्याने भर घरात आठवण करून दिली. तीच सांगायला बसलो आहे.

कळसाडीचे आप्पा हे निवृत्त मुख्याध्यापक. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, आणि घरातसुद्धा पुस्तकी मराठी. काकूंनी त्यांच्या त्या मराठीला पस्तीस वर्षं अहिराणीतच उत्तर दिलं आहे आणि दोघांचं छान चाललं आहे. निवृत्तीनंतर आप्पांनी आमच्या समाजातल्या लग्नाच्या मुलामुलींची पुस्तिका काढायला घेतली. दरवर्षी तुळशीच्या लग्नाआधी ती निघते. नाव, वय, उंची, शिक्षण, गाव, मामांचं कूळ. जन्मतारीख छापायची नाही, कारण लोक परस्पर पत्रिका काढून घरबसल्या नकार ठरवतात, असा त्यांचा अनुभव. दोन्हीकडून पसंती आली की मगच जन्मतारखेचं टिपण मिळायचं. म्हणजे छापायचं ते नुसतं वय, आणि तेही हाताने लिहायचं नाही. आप्पा जन्मतारीख कॉम्प्युटरला देत आणि आजचं वय तो काढून देई. यंत्र कुणाची बाजू घेत नाही, असं ते समाजाच्या सभेत अभिमानाने सांगत.

त्यांच्या पुस्तिकेचा लौकिकही मोठा. नंदुरबारकडून लाल मिरची यायची, शहाद्याकडून पपयांचे खोके, खापरकडून आमचूर. लोक इतका जीव का लावतात हे आप्पांना कळायचं नाही. ते म्हणायचे, सेवेचं फळ.

तर त्या वर्षी त्यांनी नवा प्रिंटर आणला आणि जुनी विंडोज त्याला ओळखच देईना. शनिवारी सकाळी मी पोचलो. काकूंच्या जुन्या लुगड्याचं पांघरूण काढून आप्पांनी कॉम्प्युटरची वायर भिंतीत खोचली. काम झालं की ते वायर उपटून ठेवतात, वीज पडेल म्हणून. बटण दाबलं. काळा पडदा आला, इंग्रजीत काहीतरी तक्रार आली, आणि आप्पांनी न बघताच F1 दाबलं. उंबरठ्याला हात लावून आत यावं तसं.

मी विचारलं, हे कधीपासून?

"चार वर्षं झाली," आप्पा म्हणाले. "तुला फोन केला होता मी. तूच म्हणालास, F1 दाबत जा, काही होत नाही."

मला आठवत नव्हतं. पण वाक्य माझंच होतं, यात शंका नाही.

आता हे बाहेरच्यांसाठी सांगतो. कॉम्प्युटरच्या आत, मुख्य पाटीवर, नाण्याएवढा एक चपटा सेल असतो. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. वायर सतत भिंतीतून काढलेली असली की तो लवकर संपतो. संपला की यंत्राला दर सकाळी तारीख आठवत नाही, आणि ते कारखान्यात शिकवलेली पहिली तारीख घेऊन उठतं. आप्पांचा कॉम्प्युटर रोज सकाळी चार वर्षांपूर्वीच्या एक जानेवारीला उठत होता. घरात इंटरनेट नव्हतं, त्यामुळे त्याला टोकणारं कुणी नाही. आणि आप्पा तारीख बघायचे ती भिंतीवरच्या कॅलेंडरात.

माझ्या बॅगेत असे सेल कायम असतात. मी जुना काढला, नवा बसवला, तारीख लावली. आप्पांना विचारलं नाही. सेल बदलायचा का, असं कुणी विचारतं का? मग नवी विंडोज मारली, सत्याहत्तर टक्क्यांना चहा घेतला, आप्पांच्या नोंदी जागेवर लावल्या, प्रिंटर जोडला. दुपारी एकच्या सुमाराला सगळं सुरळीत. मी टाळीची वाट बघत म्हटलं, "आप्पा, नव्या यादीचं एक पान काढून बघा."

पान निघालं. आप्पा चष्मा शोधत होते, तेवढ्यात काकूंनी ते उचललं. पहिल्या पानावर त्यांच्याच मुलीची, अर्चनाची नोंद होती.

"हाई काय छापी टाकं?" काकू म्हणाल्या. "मन्ही पोर एका रातम चार वरीसनी मोठी कशी व्हयनी?"

अर्चना बत्तीस. पानावर बत्तीस. मागच्या वर्षीच्या पुस्तिकेत अठ्ठावीस. त्याच्या आदल्या वर्षीच्या पुस्तिकेत, अठ्ठावीस. मी कपाटातून मागच्या चारही पुस्तिका काढून मांडीवर घेतल्या आणि एकेक नोंद लावून बघितली. चार वर्षं पुस्तिकेतलं कुणी मोठंच झालं नव्हतं. नव्याने आलेले तर आल्याआल्याच लहान झाले होते. आप्पांच्या पुस्तिकेत साऱ्या समाजाची मुलं कोवळी राहिली होती, आणि कारण काय, तर फोनवर मी म्हणालो होतो की काही होत नाही.

मी आप्पांना समजावून सांगितलं. त्यांनी एकदाच ऐकलं, शिक्षक माणूस. मग विचारलं, "इतक्या वर्षांत एकही आईबाप तक्रार घेऊन आला नाही, हे कसं?"

हे कोडं काकूंनी सोडवलं. "कोन करई तक्रार? माले वाटे, तुम्हीनच कमी करं व्हई. पहिल्यांदा बापसारखं वागनात म्हनीसन मी गप ऱ्हायनू."

झालं. मिरची, पपया, आमचूर, सगळ्याचा उलगडा झाला. ज्याने त्याने आपल्या पोराचं वय वाचलं, आणि ज्याला त्याला वाटलं की आप्पांनी ही कृपा गुपचूप आपल्या एकट्यावर केली. टिपणं हातात आल्यावर समोरच्याचंही वय वाढलेलं दिसायचं, पण बोलणार कोण? बोललं की आपलंही निघतं. मी छापखान्याच्या रफीकभाईंना फोन लावला. पुस्तिका दरवर्षी तेच छापतात. ते शांतपणे म्हणाले, "भाई, मैं तो चार साल से देख रहा हूं. आप्पा के यहां कोई बूढ़ा नहीं होता. मैंने सोचा, आपके समाज का रिवाज होगा."

मला हसू आवरेना. पण आप्पा हसत नव्हते, आणि काकू तर नाहीच. कारण दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी दहाला, खापरची मंडळी अर्चनाला बघायला येणार होती. मुलगा नितीन, खापरला बी-बियाण्याचं दुकान, स्वभावाने चांगला, दोघांचं फोनवर आठवडाभर बोलणंही झालेलं. चार वर्षांत अर्चनाची तीन ठिकाणं मोडली होती, हे चौथं. त्या मंडळींना पुतण्यासाठी नवी यादीही उद्याच हातात हवी होती. त्यांनी ती उघडायची आणि पहिल्याच पानावर बत्तीस बघायचं. सगळ्या समाजाने म्हणायचं, यंत्र बाजू घेत नाही म्हणणाऱ्या मास्तराने आधी स्वतःच्या पोरीचं वय कापलं.

"भाऊ, तू ते जुनं लाई दे," काकू मला म्हणाल्या. "पोरनं जमू दे पहिले. मंग काय छापानं ते छापा."

आप्पा खिडकीबाहेर बघत होते. उसाचा ट्रॅक्टर जाईपर्यंत ते थांबले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "काढ तो सेल."

मी काढला. बावीस वर्षांत मी पुष्कळ गमती केल्या, पण ही गंमत नव्हती. ज्या माणसाने परीक्षेत सख्ख्या भाच्याला एक गुण वाढवून दिला नव्हता, त्याला मी खोटं घड्याळ लावून देत होतो. आणि माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. आज विचार करतो, तर फोनवरच्या त्या वाक्यापेक्षा मला हे गप्प बसणं जास्त बोचतं.

सेल माझ्या तळहातावर होता तेव्हाच फाटकात स्कूटी थांबली. अर्चना धडगावच्या डोंगरात एका पाड्यावरच्या शाळेत शिकवते. आठवडाभर तिकडेच राहते, शनिवारी सकाळची शाळा करून घरी येते. हेल्मेट काढताकाढताच तिने तिघांचे चेहरे बघितले आणि विचारलं, कोण गेलं?

कुणी नाही, असं म्हणून काकूंनी सांगायला घेतलं. मधेमधे मी तांत्रिक भाग जोडला. अर्चनाने नवं पान आणि मागची पुस्तिका शेजारीशेजारी धरली, एकावर बत्तीस, दुसरीत अठ्ठावीस. मला वाटलं ती रडेल, किंवा हसेल. ती आप्पांसमोर स्टूल ओढून बसली.

"आप्पा, या चार वर्षांत मी डोंगरात गेले. तिकडची पावरी बोली शिकले. पहिल्या दिवशी मला बघून पळणारी पहिलीतली पोरं आता चौथीत आहेत. ती वाढली ना? मग मी का नाही वाढायचं?"

आप्पा म्हणाले, "मला खरंच अठ्ठावीसच वाटत होतं गं."

हे मात्र ते खोटं बोलत नव्हते. चार वर्षं रोज ती नोंद त्यांच्या डोळ्यांखालून गेली होती आणि त्यांना काही खटकलं नव्हतं.

अर्चना उठली, माझ्यासमोर हात पसरला आणि म्हणाली, "द्या तो, दादा. कुठे बसतो दाखवा." मी बोटाने जागा दाखवली. तिने सेल अंगठ्याने दाबला. टिक् असा आवाज आला. इतका छोटा आवाज मी एरवी कधी ऐकलेला नाही. एरवी घरात टीव्ही चालू असतो.

मग तिने फोन काढला. काकू "अगं, नको, नको" म्हणत तिच्या हाताकडे झेपावल्या, पण तोवर घंटी गेली होती. तिने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"नितीन, मी अर्चना. पुस्तिकेत माझं वय अठ्ठावीस छापलंय, ते चुकलेलं आहे. मी बत्तीस पूर्ण केलीत. उद्या यायच्या आधी सांगावं म्हणून फोन केला."

पलीकडे दुकानातला गलका ऐकू येत होता. कुणीतरी कपाशीच्या औषधाचं नाव विचारत होतं. नितीनने त्याला थांब म्हटलं. मग शटरपाशी आला असावा, कारण आवाज मोकळा झाला.

"माझं एकतीस छापलंय," तो म्हणाला. "मी पस्तीसचा आहे."

"मला माहीत नव्हतं."

"आमचे वडील, दादा, त्यांना वाटलं, आप्पांनी मेहेरबानी केली. ती आमचूरची पिशवी त्याबद्दलच होती."

काकूंनी स्वयंपाकघराच्या दिशेने बघितलं. आमचूर निम्मं संपलं होतं.

"मग?" अर्चनाने विचारलं.

"मग काय. आठ दिवस मी अठ्ठावीसच्या मुलीशी काय बोलायचं याच्या काळजीत होतो. बरं झालं सांगितलंस." थोडं थांबून तो म्हणाला, "दादांचं मी बघतो. स्वतःचं पोरगं किती वर्षांचं आहे, एवढं त्यांना माहीत आहे. उद्या दहाला येतो आम्ही."

फोन बंद झाला. काकू खाली बसल्या आणि पदराने वारा घ्यायला लागल्या. आप्पांनी खिशातलं पेन काढलं, एक कोरा कागद घेतला आणि तिथल्या तिथे पुस्तिकेचं पहिलं पान लिहिलं. गेल्या चार पुस्तिकांमधली सर्व वये चुकीची आहेत, यंत्राचे घड्याळ बंद होते, दोष संपादकाचा आहे. एवढंच. मी म्हटलं, आप्पा, दोष माझा आहे, माझं नाव घाला. ते म्हणाले, यंत्र माझं होतं, आणि वाचूनही मला कळलं नाही. मी आणखी आग्रह करायला हवा होता. केला नाही. म्हणून आज इथे लिहितो आहे.

पुस्तिका आली आणि समाजात मोठी शांतता पसरली. इतकी शांतता मी मयतीतही बघितलेली नाही. छापलेली वयं खरी होती, त्यामुळे भांडायला जागाच नव्हती. मग एकेकजण माझ्या दुकानात यायला लागला. माऊस घ्यायचा म्हणून यायचे, दोन माऊस हाताळायचे, आणि निघता निघता आवाज खाली आणून विचारायचे, "भाऊ, आप्पांकडे ती जुनी विंडोज परत मारता येणार नाही का? ती बरी होती." प्रकाशा गावचे एक काका तर म्हणाले, नवी विंडोज माणसाला थकवते. मी सगळ्यांना गंभीर चेहऱ्याने सांगितलं की ती कंपनीने कायमची बंद केली. बावीस वर्षांच्या धंद्यात एवढं खोटं मला माफ असावं. पुस्तिकेला त्या वर्षी मिरची आली नाही, पपया आल्या नाहीत. पण स्थळं मात्र नेहमीइतकीच जुळली. ती मोजायला आप्पांनी मला मुद्दाम लावलं होतं.

अर्चना आणि नितीनचं रविवारीच जमलं. दादांनी चहा घेतला, पोह्यांना नावं ठेवली, आणि उठताना म्हणाले, तारीख धरा.

साखरपुड्यानंतर चार दिवसांनी आप्पांचा फोन आला. कॉम्प्युटरला काही झालं नाही, पण तू ये. मी गेलो. यंत्र सुरू होतं, काळा पडदा नाही, तक्रार नाही. आप्पा अर्चनाची नोंद उघडून बसले होते. लग्न जमलं की नोंद यादीतून काढायची, हा त्यांचा नियम. नाहीतर लोक ठरलेल्या मुलीलाही स्थळं आणत राहतात. आजवर अशा शेकडो नोंदी त्यांनी एका बोटाने काढल्या होत्या. आता पडद्याच्या मधोमध चौकट उघडी होती. ही नोंद काढून टाकायची का? होय. नाही.

माझ्या धंद्यात हा प्रश्न दिवसातून पन्नास वेळा समोर येतो आणि मी न वाचता होय दाबतो. आप्पा तो सकाळपासून वाचत होते. माऊसचा बाण दोन शब्दांच्या मधे थांबलेला. काकू दारात उभ्या होत्या, पण पुढे येत नव्हत्या.

"एक विचारायचं होतं," आप्पा म्हणाले. "हे दाबल्यावर नोंद कायमची जाते, की परत आणता येते?"

मी चष्मा पुसला नाही, चहा मागितला नाही. खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलो.

"येते, आप्पा. मी एक प्रत काढून ठेवतो. कधीही येते."

त्यांनी मान हलवली, आणि बाण होयवर नेला.